अणूच्या विहिरीचं पहिलं पाणी

अहो, पाणी लागलं.

काल दुपारी लागलं. पांडू म्हात्रे विहिरीतून ओरडला आणि मी चुलीवरचं दूध तसंच टाकून तुम्हाला सांगायला बाहेरच्या खोलीत धावले. खुर्चीवर पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला. मग लक्षात आलं. अजून असं होतं. दूध उतू गेलं ते गेलंच.

म्हणून लिहायला बसले आहे. माझी मराठी चौथी झालेली. तुम्ही म्हणायचात, "चौथीवर थांबलीस ते बरं, पाचवीत गेली असतीस तर मला या घरात बोलायला जागा उरली नसती." हे तुम्ही कुणाला सांगितलंत तर कुणाचा विश्वास बसत नसे. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते, हे सगळ्यांना ठाऊक. तुमच्यासमोर मात्र ती चालायची. आता कुठे चालवू? तुमच्या नकाशांच्या कागदांची मागची बाजू कोरी आहे, तिथे चालवते. कुणाला दाखवायचं नाही.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेले लोक एकच बोलायचे, सज्जन माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, यांना काय माहीत! ज्या माणसाने आपल्या जेवणाच्या पाटावर बसून अख्खी कल्याणची खाडी फोडून काढली, तो म्हणे कुणाच्या अध्यातमध्यात नाही.

ठाण्याच्या त्या दोन खोल्या आठवतात? मी पोळ्या लाटायची आणि तुम्ही पेपर वाचून दाखवायचात. जपानात बाँब पडला होता त्याच्या हकिगती तेव्हा अजून येत असत. एकदा तिथल्या बायकामुलांचं वाचू लागलात आणि मी म्हटलं, पुरे. तुम्ही लगेच थांबलात. थोड्या वेळाने म्हणालात, "पण बघ हं, ज्या आगीने घर जळतं तिनेच चूल पेटते. माणूस याचंही काहीतरी चांगलं करील." ते वाक्य तुम्ही धरून बसलात. नंतर इतकी वर्षं तुम्ही त्या चांगल्याची वाट बघत होतात, हे मला आत्ता कळतं. तेव्हा वाटायचं, कचेरीत दिवसभर साहेबांचे नकाशे उतरवून काढायचे, दुसऱ्याचे पूल, दुसऱ्याचे रस्ते, म्हणून घरी स्वतःचं काहीतरी हवं असेल.

मग आपण डोंबिवलीला जागा घेतली, घर बांधलं, आणि एके दिवशी तुम्ही पेपर हातात उंच धरून फाटकातूनच हाका मारत आलात. "ऐकलंस का! आला! चांगला उपयोग आला!" मला वाटलं तुम्हाला बढती मिळाली. बातमी अशी होती की अमेरिकेत शास्त्रज्ञ अणुस्फोटांनी कालवे आणि बंदरं खणायचं म्हणताहेत. मध्ये सुवेझचा कालवा बंद पडला होता, तेव्हापासून जगात सगळ्यांना कालव्यांची काळजी. डोंगर आडवा आला तर एका रांगेत स्फोट करायचे की झाली वाट. जमिनीच्या पोटात पोकळी करून तिथे पाणी साठवायचं. त्या सगळ्या बेताला त्यांनी नांगराच्या फाळाचं नाव दिलं होतं. ते तुम्हाला फार आवडलं. "बघ, शस्त्राचा फाळ केला!"

मी म्हटलं, "फाळ फिरला की शेतात अनवाणी चालता येतं. तिथे येईल का?"

"तू ना," तुम्ही म्हणालात, आणि हातपाय धुवायला गेलात.

त्यानंतर तुमचा नकाशा सुरू झाला. कल्याण एके काळी मोठं बंदर होतं, परदेशची जहाजं तिथे लागायची, मग खाडी गाळाने भरली. ती पुन्हा खोल करायची. निळ्या शाईने खाडी, लाल शाईने स्फोटांच्या जागा, आणि कल्याणच्या काठाला एवढीएवढी जहाजं. जहाजांवर शिडं काढलीत. मी विचारलं, आताच्या जहाजांना शिडं असतात का? तुम्ही म्हणालात, "नसतात. पण शोभतात."

त्या दिवाळीतला तुमचा प्रयोग लेले काकू अजून सांगतात. अंगणात ओल्या वाळूचा ढीग केलात आणि मला ओट्यावर उभं केलंत. पहिला फटाका वाळूच्या वरच ठेवलात. नुसता आवाज झाला. दुसरा अगदी तळाशी पुरलात. वाळूने ढेकर दिल्यासारखं केलं आणि गप्प बसली. "आता बघ. फार वर नको, फार खाली नको. खोली बेताची हवी, त्यातच सगळं शास्त्र आहे." तिसऱ्याने खरोखर वाटीसारखा गोल खड्डा पडला, आणि वाळू माझ्या रांगोळीवर, तुळशीवर, तुमच्या मिशीत आणि कुंपणापलीकडे लेले काकूंच्या चकल्यांच्या परातीत गेली.

"अहो, दिवाळी आहे का लढाई?" काकू ओरडल्या.

"काकू, कालवा खणतोय!" तुम्ही म्हणालात.

"चकल्यांतून?"

तुम्ही मला खड्डा बघायला बोलावलंत. छान झाला होता, नाही कशाला म्हणू. पण तळाला काळी पूड होती आणि तिला उग्र वास येत होता. मी विचारलं, "हे काळं कुठे जाणार?"

"वाऱ्याने जाईल."

"वाऱ्याने कुठे जाईल?"

"अगं, जाईल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे काकूंच्या चकल्यांत."

तेव्हा तुम्ही हसलात. भांडण नंतर झालं, फराळाच्या वेळी. तुम्ही म्हणालात, डोंबिवलीच्या बायका दुसऱ्याच्या विहिरीवरून घागरी वाहतात, तूसुद्धा लेल्यांकडून वाहतेस. एका स्फोटात गावाला पुरेल एवढं तळं होईल. मला कमरेवरची घागर आठवली आणि क्षणभर मोह पडला, खरंच. मग टिटवाळ्याची माझ्या माहेरची विहीर आठवली.

तुम्हाला ती गोष्ट मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितली. आमच्या अण्णांनी विहीर काढली तेव्हा मी लहान होते. आमच्याकडची रीत अशी की नव्या विहिरीचं पहिलं पाणी ज्याने विहीर काढवली त्याने प्यायचं, उंचावर उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं. अण्णा गडूभर पाणी प्यायले. त्या दिवशी दुसरं कुणीही त्या पाण्याला शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धडधाकट उठून गोठ्यात गेलेले सगळ्यांनी बघितले, तेव्हा आळीतल्या बायका घागरी घेऊन आल्या.

"तर मला एवढंच सांगा," मी म्हटलं, "तुमच्या त्या अणूच्या विहिरीचं पहिलं पाणी कोण पिणार? ते तिकडचे साहेब येऊन पिणार का?"

"त्याची तपासणी करायला यंत्रं असतात."

"यंत्रं दुसऱ्या दिवशी गोठ्यात जातात का?"

"अगं, त्याचा परिणाम असा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. वर्षांनी दिसतो."

"मग पिणाऱ्याला तेवढी वर्षं काठावर बसवून ठेवायचं आणि बायकांनी घागरी घेऊन उभं राहायचं?"

तुम्ही करंजी ताटात ठेवलीत. अर्धी खाल्लेली. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे," म्हणालात. त्यानंतर काही दिवस आपण मोजकंच बोललो. तुम्हाला मीठ हवं असलं तरी "जरा ते" म्हणायचात, आणि मी मुद्दाम लिंबू वाढायची.

पण त्या अबोल्यात तुम्ही तो प्रश्न टाकून दिला नव्हतात, आणि हे मला कळलं ते भर सभेत.

कल्याणच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ठरलेले वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत आणि तुमच्या नकाशाबद्दल ऐकून असलेल्या कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही तो काळा कोट पेटीतून काढलात, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. मला म्हणालात, "चल." मी म्हटलं, मी नाही. तुम्ही म्हणालात, "तू नसलीस तर मला सगळं खरं वाटायला लागेल." मग आले. बायकांच्या बाजूला खांबाआड बसले.

किती छान बोललात हो. मी कधी सांगितलं नाही. नकाशा टाचण्यांनी भिंतीवर लावला होता. खाडी कशी मोकळी होईल, पारसिकच्या डोंगरातून रस्ता कसा सरळ जाईल, सगळं समोर दिसायला लागलं. एका वकिलांनी उठून विचारलं, "बंदर झालं तर जकात नाका कुठे करायचा, तेही या नकाशात दाखवा!" सभा हसली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "त्यासाठी वेगळा स्फोट लागेल." टाळ्या पडल्या. मला खांबाआड घाम फुटला होता, पण अभिमानाने.

मग मागून एकाने विचारलं, यात धोका काय आहे? तुम्ही पाणी प्यायलात. आणि म्हणालात, "याचं पेपरात छापलेलं उत्तर मला देता येईल. पण आमच्या घरात एक प्रश्न निघाला आहे, तो मला कुठे छापलेला आढळला नाही." आणि तुम्ही टिटवाळ्याच्या विहिरीची गोष्ट सांगितलीत, अण्णांचा गडू, गोठा, घागरी, सगळं. शेवटी म्हणालात, "हे पहिलं पाणी कोण पिणार, याचं उत्तर मिळेपर्यंत हा नकाशा मी नकाशाच ठेवणार आहे." बायकांच्या बाजूला कुणीतरी "खरंच की बाई" म्हणालं. मी पदर इतका पुढे ओढला की शेजारणीने विचारलं, डोकं दुखतंय का?

परत येताना स्टेशनाजवळ तुम्ही सोनचाफा घेतलात. म्हणालात, "तुझं नाव नाही हं घेतलं मी."

"नाव कशाला घ्यायला हवं? सबंध वेळ माझ्याकडे बघून बोलत होतात. अख्ख्या सभेला कळलं."

"मग कुठे बघू? दुसरीकडे वकील बसले होते."

थोडं चालल्यावर म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे म्हणून स्वप्न चूक ठरत नाही. उद्या स्फोटाची ती विषारी धूळ निववायचा उपाय निघेल." मी काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं मी हरले. मी सोनचाफ्याचा वास घेत होते, एवढंच. तेव्हा बोलायला हवं होतं की माझा राग स्वप्नावर नव्हता. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या रेघा ओढणाऱ्या माणसाने जहाजांना शिडं काढावीत, हे मला फार आवडलं होतं. ते राहून गेलं.

फाटकाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "आपण आपली विहीर काढू. अणूची नाही, साधी. आणि तिचं पहिलं पाणी मी पिईन, उंचावर उभा राहून, तुझ्यासमोर. मग तर झालं?"

त्या विहिरीने तुम्हाला किती सुख दिलं! पांडू आणि त्याचे भाऊ खणायला आले. पांडू खाडीकडच्या गावातला, पूर्वी मिठागरात काम केलेला, तोंडाने भारी. वरची माती भराभर निघाली आणि मग काळा पाषाण लागला. सुरुंग लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. पांडू दगडात भोक पाडायचा, दारू ठासायचा, वर येऊन तीनदा आरोळी द्यायचा, "सुरुंग हाय रे!" आणि आपण सगळे घरामागे पळायचो. तुम्ही कानांत बोटं घालून डोळे मिचकावायचात.

"सायेब," पांडू म्हणायचा, "तुमचा तो मोठा बाँब आना की एकदा. आमची पाठ तरी सुटंल."

"आणला तर विहीर टिटवाळ्यापर्यंत जाईल रे."

"बरा हाय! वैनीच्या माहेरालाबी पानी."

आणि मग तुम्ही गेलात. दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. चेहरा शांत होता. हातावर सुरुंगाच्या दगडाची धूळ होती, ती मी पुसली.

तेरावं झाल्यावर वामनभाऊजी ठाण्याहून आले. तुमचा धाकटा भाऊ, मनाने चांगला, पण भित्रा. मी नेहमीसारखी दाराआड. ते म्हणाले, "वहिनी, लोक बोलताहेत. विहीर घराला लाभली नाही. वर्षाच्या आत असलं काम नकोच. बुजवून टाकू." मी दाराआडूनच बोलले, पण बोलले. "भाऊजी, यांनी निम्मी काढलीय. निम्मी कशी बुजवायची?"

ते म्हणाले, "दादा असता तर काय म्हणाला असता?"

"पांडूला बोलवा म्हणाले असते."

पांडू आला. आरोळी द्यायच्या आधी तो तुमच्या खुर्चीच्या दिशेने बघायचा. मी घरामागे एकटी उभी राहायची आणि कानांत बोटं घालायची. तुमच्यासारखे डोळे मिचकावता येत नाहीत मला.

काल शेवटच्या सुरुंगानंतर कपारीतून पाणी आलं. "पानी लागला गो वैनी!" मग गढूळ पाणी उपसून टाकलं, संध्याकाळपर्यंत गाळ बसला आणि पाणी निवळलं. भाऊजी आले होते. कुंपणाशी लेले काकू आणि आळीतली माणसं जमली होती. पांडूने गडू भरून वर आणला आणि विचारलं, "कोन पिनार?"

ही रीत त्याला तुम्हीच सांगून ठेवली होती.

भाऊजींनी हात पुढे केला. "दे, मी पितो. घरात पुरुष माणूस आता मीच." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, एक तर वर्ष झालेलं नाही, तुम्ही पुढे होऊ नये. आणि सुरुंगाचं पाणी आहे, कसं असेल कोण जाणे."

"म्हणूनच मी पिणार," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं असावं, कारण कुंपणाशी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पांडू म्हणाला, "आयला, वैनी बोलली!"

विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग आहे ना, त्यावर चढले. भाऊजींनी आधी तोंड फिरवलं, मग मी अडखळते आहे बघून त्यांनीच हात दिला. वर उभी राहिले. जन्मात कधी परक्या पुरुषांदेखत घोटभर चहासुद्धा प्यायले नव्हते, आणि काल अख्ख्या आळीसमोर गडू तोंडाला लावला. थोडं पाणी पदरावर सांडलं. पण गडू रिकामा केला. खाली धरून दाखवला.

त्या वेळी तुमची जितकी आठवण आली तितकी तुम्ही गेलात त्या दिवशीही आली नव्हती. आणि रडू मात्र आलं नाही. गंमत वाटली. तुम्ही म्हणाला असतात, "बघा, माझ्या सभेत खांबाआड बसली होती ती हीच!"

आज सकाळी लवकर उठले, आंघोळ केली आणि गोठा नाही म्हणून विहिरीशीच जाऊन उभी राहिले. लोकांना दिसायला हवं ना. लेले काकूंनी कुंपणावरून मान काढली.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"पोटात काही होतंय?"

"भूक लागलीय."

काकू आत गेल्या आणि घागर घेऊन आल्या. त्यांच्या दारात स्वतःची विहीर, इतकी वर्षं मी त्यांच्याकडून पाणी वाहिलं, आणि आज पहिली घागर त्यांनी आपल्याकडून नेली. जाताना म्हणाल्या, "चकल्यांचं फिटलं म्हणावं त्यांना."

पाणी गोड आहे. सुरुंगाचा किंचित वास येतो, तो उपसा झाला की जाईल असं पांडू म्हणतो. जाईलच. हा दगड सुरुंगाशिवाय फुटला नसता, हे मी आता तुमच्या बाजूने मान्य करते. एवढं तुमचं खरं. पण तुमच्या त्या मोठ्या विहिरीचा वास कशाने जाणार, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही.

आजच्या पेपरात पुन्हा तसल्याच एका बंदराची बातमी आहे, कुठल्याशा बर्फाच्या किनाऱ्यावर करणार म्हणे. तिथेही माणसं राहतात, मासे धरतात, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. तुमच्यासाठी कापून ठेवली आहे. नव्या पाण्याचा तांब्या भरून खुर्चीजवळ ठेवला आहे. आधी पाणी प्या. मग बसू भांडायला.